नायगावचा मोर कॅमेऱ्यात

पाटोदा तालुक्यातलं नायगाव १९९४ साली मयूर अभयारण्य झालं. मोराचे फोटो काढायचे तर इथे पावसाच्या तोंडाशी यावं. तेव्हा विणीचा हंगाम असतो आणि पिसारा पूर्ण भरलेला. पावसाळा सरता सरता तो झडून जातो. वेळ सकाळची, ऊन कोवळं असतानाची. मोराचा निळा-हिरवा रंग निव्वळ रंगद्रव्याचा नसतो; पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, तेव्हा तो उमटतो. म्हणून सूर्य पाठीशी घ्या. दोन पावलं सरकलात तरी तोच झळाळता गळा काळपट दिसू लागतो. नाचताना पिसं सतत थरथरतात, त्यामुळे शटर निदान १/१००० सेकंद ठेवा. मोबाइलवर केका वाजवून मोराला बोलावणं मात्र सरळसरळ छळ आहे. ऐन विणीत तो नसलेला प्रतिस्पर्धी शोधत बसतो. जवळ जाण्यापेक्षा लांब पल्ल्याची लेन्स बरी.

त्याच तालुक्यात सौताड्याचा धबधबा आहे. तिथे सगळं उलट: ढगाळ हवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर अर्धा सेकंद. वरचा कडा पावसात निसरडा होतो. फोटो खाली दरीत, रामेश्वराच्या देवळाकडूनच घ्या.