जखमेत अळ्या पडतात त्या माशीमुळे

‘तुझ्या अंगात किडे पडतील’ हा आपल्याकडचा जुना शाप. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जखमेत खरोखरच अळ्या दिसल्या की दवाखान्याच्या आधी लोक काय म्हणतील हे आठवतं. नालासोपाऱ्याची चाळ असो की अर्नाळ्याचा कोळीवाडा, आजाऱ्याला आतल्या खोलीत हलवतात, पायावर चादर ओढतात, आणि दोन दिवस तसेच जातात. तेवढ्या वेळात अळ्या मांसात आणखी खोल गेलेल्या असतात.

पापाचा या आजाराशी काहीही संबंध नाही. अळ्या मांसात आपोआप तयार होतात, ही समजूतही साडेतीनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. 1668 मध्ये फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली आणि काही झाकली. अळ्या उघड्या भांड्यांतच पडल्या, कारण माशी तिथेच पोचली होती. माणसाच्या जखमेचंही तसंच आहे.

आपल्या देशात ही माशी मुख्यतः क्रायसोमाया बेझियाना जातीची असते. भारतात माणसांच्या आणि जनावरांच्या जखमांत अळ्या पाडणारी नेहमीची माशी हीच, हे डब्ल्यू. एस. पॅटन यांनी 1920 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये मांडलं. मादी जखमेच्या कडेला एका वेळी साधारण 150 ते 200 अंडी घालते आणि ती जवळपास दिवसभरात फुटतात. अळी डोकं खाली खुपसून मांस खाते आणि श्वासासाठी शेपटीकडचं टोक जखमेच्या तोंडाशी ठेवते. तिच्या अंगावर बारीक काट्यांची वलयं असतात, म्हणून ती ओढून सहज निघत नाही. आठवडाभरात ती जमिनीवर गळून पडते, मातीत कोष करते आणि पुढे माशी होते. म्हणजे अळ्या माणसाच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहत नाहीत. रुग्णाला हात लावल्याने त्या दुसऱ्याला लागतही नाहीत. त्याचं ताट-वाटी वेगळं काढण्याची काहीच गरज नसते.

‘अळ्या फक्त सडलेलं मांस खातात, जखम साफच होते, राहू द्या’ असंही कोणी सांगतं. हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. बेझियानाच्या अळ्यांना जिवंत मांसच लागतं. जखम साफ करायला डॉक्टर ज्या अळ्या वापरतात त्या ल्युसिलिया सेरिकाटा या दुसऱ्या माशीच्या असतात, आणि त्या प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या असतात. अमेरिकेत विल्यम बेअर यांनी 1931 मध्ये त्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 2004 मध्ये तिथे त्याला सरकारी मान्यता मिळाली. घरातल्या जखमेवर बसलेल्या माशीशी त्या उपचाराची गल्लत करू नये.

वसई-विरारमध्ये लोक गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे बोट दाखवतात. ते अर्धं खरं आहे. बेझियाना कचऱ्यात वाढत नाही. तिला जखमी जनावर किंवा माणूस लागतो, म्हणून तबेल्यातल्या म्हशींच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जखमांवर वेळीच औषध होणं माणसांसाठीही महत्त्वाचं आहे. घाणीत वाढणाऱ्या माश्या वेगळ्या. त्यांतली क्रायसोमाया मेगासेफाला ही सुकत घातलेल्या मासळीवरही अंडी घालते आणि दुर्गंधी सुटलेल्या जखमेवरही. पण बोंबलाबरोबर चुकून पोटात गेलेली अळी कातडीतून बाहेर येते, ही निव्वळ भीती आहे. त्यामागे कदाचित नारूची आठवण असावी. नारू हा पाण्यातून येणारा कृमी, माशीशी त्याचं नातं नाही, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मोबाइलवर फिरणारे कातडीतून अळी काढण्याचे व्हिडिओ बहुतेक परदेशी माश्यांचे असतात. बॉटफ्लाय मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. तिला आपल्याकडे आणतो तो प्रवासी: फेब्रुवारी 2022 मध्ये अॅमेझॉनच्या जंगलातून आलेल्या एका अमेरिकन महिलेच्या पापणीतून आणि अंगातून अशा तीन जिवंत अळ्या दिल्लीत काढल्या गेल्या. ओल्या कपड्यांवर अंडी घालणारी टुम्बू माशी आफ्रिकेतली आहे. तिकडे नोकरीला गेलेल्यांनी कपड्यांना दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री जरूर करावी. विरारमध्ये पावसाळ्यात घरात वाळवलेल्या कपड्यांना हे भय नाही.

उपायांच्या नावाखाली घरोघरी जे होतं ते मात्र काळजीचं आहे. रॉकेल, फिनेल, तंबाखू, सीताफळाच्या बियांची पूड. यांनी जखम भाजते, आणि बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. रुग्णालयात टर्पेंटाइन वापरतात, पण ते मोजून, जागा पाहून. त्याने अळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायच्या, मेलेलं मांस कापायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं. काही रुग्णांना आयव्हरमेक्टिन देतात. ज्यातून हे औषध आलं त्या शोधाला 2015 चं नोबेल मिळालं. हे काम वसईच्या सर डी. एम. पेटिटसारख्या पालिका रुग्णालयात जाऊन करून घ्यायचं, घरी नव्हे. जखम नाकात, कानात किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी, कारण तिथून मेंदू लांब नसतो.

धोका कोणाला, हे घरच्यांनी ओळखून ठेवावं. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्याला अळी चावल्याचं कळतच नाही. पीनस या नाकाच्या आजाराच्या रुग्णाला नाकातली दुर्गंधी स्वतःला येत नाही. अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला जखमा होतात, अर्धांगवायू झालेल्याचं तोंड उघडं राहतं, आणि उवांनी खाजवून फोडलेलं लहान मुलीचं डोकं केसांखाली कोणी पाहत नाही. पट्टी रोज बदलावी, बदलताना जखम उजेडात नीट पाहावी. ही माशी उजेडातच फिरते, म्हणून अशा माणसाची मच्छरदाणी सकाळी गुंडाळून ठेवू नये. दिवसाही लावलेली असावी.