पी.टी.ओ. शाफ्टचे क्रॉस झिजले कसे ओळखावे?
निगा, दुरुस्ती आणि घ्यावयाची काळजी

पूर्वी ट्रॅक्टरचा उपयोग मुख्यतः नांगरणी आणि वाहतूक यांसाठीच होत असे. आता रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणी यंत्र, कुट्टी यंत्र, जनित्र अशी अनेक यंत्रे ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर चालतात. इंजिनाची सारी ताकद या यंत्रांपर्यंत नेणारा दुवा म्हणजे पी.टी.ओ. शाफ्ट. इंजिनाचे तेल, हवेचा फिल्टर, टायरची हवा यांकडे शेतकरी बांधव आवर्जून लक्ष देतात. परंतु हा शाफ्ट मात्र तुटेपर्यंत दुर्लक्षित राहतो. तो तुटतो तो बहुधा ऐन कामात, म्हणजे जमिनीला वाफसा आलेला असताना किंवा मळणीचा ढीग खळ्यावर पडलेला असताना. वाफसा दोन-चार दिवसच टिकतो. त्यात दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर उभा राहिला, तर पेरणी लांबते.

शाफ्ट अचानक तुटल्यासारखा वाटला, तरी त्याची झीज अचानक होत नाही. तुटण्यापूर्वी बरेच दिवस तो खुणा दाखवत असतो. त्या खुणा ओळखता आल्या, तर फक्त क्रॉस बदलून काम भागते. अन्यथा योक, गिअर बॉक्स आणि कधीकधी माणसाचा जीवही धोक्यात येतो.

शाफ्टची रचना

शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन शिंगांचे योक असतात. दोन योक एकमेकांना अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्याने जोडलेले असतात. यालाच आपण क्रॉस म्हणतो. क्रॉसच्या चारही टोकांवर एकेक कप बसवलेला असतो आणि कपाच्या आत बारीक सुयांसारखे रोलर, म्हणजे निडल बेअरिंग असते. कप जागेवर राहावा म्हणून सर्क्लिप असते. दोन टोकांच्या मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. यंत्र वर-खाली होताना शाफ्टची लांबी कमी-जास्त होते ती या नळ्यांमुळे. सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण असते.

पी.टी.ओ.ची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे आहे. या गतीला ४० अश्वशक्ती वाहून नेताना शाफ्टवर येणारा पीळ सुमारे ५४ किलोग्रॅम-मीटर भरतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ५४ किलो वजन टांगावे, तेवढा हा पीळ आहे. तो सारा बोटाएवढ्या जाडीच्या क्रॉसच्या टोकांवरून आणि बारीक सुयांवरून जातो. दगड किंवा जुनाट मूळ लागले, की तो क्षणभर कितीतरी वाढतो.

कोन वाढला की झीज वाढते

क्रॉसच्या सांध्याचा एक गुणधर्म प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने समजून घेतला पाहिजे. शाफ्ट सरळ असताना सांध्याच्या दोन्ही बाजू एकाच गतीने फिरतात. कोन पडला की पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगाने आणि दोनदा सावकाश फिरते. १५ अंशांच्या कोनात ही गती साधारण ५२२ ते ५५९ फेऱ्यांच्या दरम्यान बदलते. ३० अंशांत ती ४६८ ते ६२४ फेऱ्यांच्या दरम्यान हिंदकळते. हा धक्का सुयांना आणि गिअरच्या दात्यांना सोसावा लागतो.

यावर उपाय म्हणून शाफ्टला दोन सांधे दिलेले असतात. पहिल्या सांध्याने केलेला बदल दुसरा सांधा भरून काढतो. परंतु त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात.

१) दोन्ही सांध्यांचा कोन सारखा असावा. रोटाव्हेटर कामाच्या खोलीवर असताना त्याच्या गिअर बॉक्सचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.ला समांतर राहील, अशा बेताने टॉप लिंकची लांबी लावावी.

२) नळ्यांवर बसवलेले आतले दोन्ही योक एकाच रेषेत असावेत. चौकोनी नळी साफसफाईनंतर पाव फेरा फिरवून घातली गेली, तर दुसरा सांधा बदल भरून काढण्याऐवजी त्यात भर घालतो. मग दोन्हीकडे ३० अंशांचा कोन असल्यास यंत्राची गती ४०५ ते ७२० फेऱ्यांच्या दरम्यान उड्या मारते. नवा क्रॉसही अशा शाफ्टवर फार दिवस टिकत नाही. म्हणून नळ्या वेगळ्या करण्यापूर्वी दोन्हींवर रंगाची किंवा पंचची खूण करावी.

पुढची चाके ओढणाऱ्या मोटारगाड्यांत, उदाहरणार्थ १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये, चाकाजवळ साधा क्रॉस चालत नाही. कारण चाक वळवताना कोन मोठा पडतो. तेथे गोळ्यांचा सी.व्ही. जॉइंट असतो. तो कोणत्याही कोनात एकसारखी गती देतो. त्याच्यावरील रबरी टोपण फाटले की ग्रीस बाहेर उडते, धूळ आत जाते आणि वळण घेताना कटकट आवाज येऊ लागतो. आपल्या क्रॉसची गोष्टही वेगळी नाही. सील गेले आणि ग्रीस संपले, की झीज सुरू होते.

झीज ओळखण्याच्या खुणा

तांबूस भुकटी : कपाच्या कडेला तांबूस, गंजासारखी कोरडी भुकटी दिसली, तर आतील सुया ग्रीसविना घासत आहेत असे समजावे. ही सर्वांत आधी दिसणारी खूण आहे. चांगल्या सांध्याभोवती ओलसर ग्रीसचा पातळ थर असतो.

आवाज : पी.टी.ओ. चालू करताच ‘टक्’ असा एकच ठोका येत असेल, तर सांध्यात किंवा नळीत ढिलाई आली आहे. यंत्र उचलल्यावरच खडखड होत असेल, तर कोन जास्त पडतो आहे किंवा योक एका रेषेत नाहीत. शाफ्ट सरळ असतानाही खडखड कायम राहत असेल, तर सुया तुटल्या असण्याचा संभव असतो.

थरथर : गती वाढवताना थरथर वाढत गेली, तर नळी वाकली आहे का ते पाहावे.

उष्णता : पाव तास काम केल्यावर इंजिन बंद करून, किल्ली काढून, कपांजवळ हात न्यावा. चारांपैकी एकच कप इतरांपेक्षा बराच तापला असेल, तर त्यात ग्रीस पोहोचत नाही.

हाताने तपासणी

ही तपासणी हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात दर आठवड्याला करावी. तिला दहा मिनिटे पुरतात. आधी यंत्र जमिनीवर टेकवावे, पी.टी.ओ. सोडवावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी.

१) सांध्याच्या एका बाजूचा योक एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या बाजूचा योक पुढे-मागे पिळावा. नजर कपावर ठेवावी. कप आणि क्रॉस यांच्यामध्ये हालचाल दिसली, तर क्रॉस झिजला आहे. गिअर बॉक्सच्या दात्यांतील थोडी ढिलाई नेहमीचीच असते; तिची गल्लत क्रॉसच्या झिजेशी करू नये.

२) योक वर-खाली व आडवा ढकलून पाहावा. ठोका जाणवता कामा नये.

३) शाफ्ट काढून प्रत्येक सांधा दोन्ही दिशांनी वाकवून पाहावा. तो सर्वत्र सारखा फिरला पाहिजे. सरळ स्थितीत येताच तो खाचेत बसल्यासारखा अडकत असेल, तर क्रॉसवर सुयांच्या रेघा पडल्या आहेत. असा क्रॉस ग्रीस भरून सुधारत नाही. तो बदलावाच लागतो.

४) नळ्या आत-बाहेर सरकवून पाहाव्यात. त्या अडत असतील, तर यंत्र वर-खाली होताना शाफ्ट ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.ला आणि गिअर बॉक्सला रेटा देतो.

क्रॉस बदलताना

क्रॉस आणि चारही कप एकत्रच बदलावेत. एकच कप बदलून उपयोग होत नाही. जुना क्रॉस दुकानात सोबत न्यावा. कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधील पूर्ण लांबी जुळली पाहिजे.

सर्क्लिप काढल्यावर शाफ्ट वाइसमध्ये धरून, एका बाजूने लहान सॉकेट लावून कप दाबावा व दुसऱ्या बाजूने मोठ्या सॉकेटमध्ये तो बाहेर येऊ द्यावा. योकच्या शिंगांवर घण घालू नये. शिंगे वाकली की नवे कपही सरळ बसत नाहीत. योकची भोके स्वच्छ पुसून पाहावीत. नवा कप भोकात बोटाने सहज सरकत असेल, तर योक बदलावा. पत्र्याची चकती घालून किंवा वेल्डिंग करून कप घट्ट करण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे.

नवे कप बसवण्यापूर्वी सर्व सुया उभ्या आहेत याची खात्री करावी. थोडे ग्रीस लावले की त्या जागेवर राहतात. कप सर्क्लिपच्या खाचेपर्यंत जात नसेल, तर आत एखादी सुई आडवी पडली आहे असे समजावे. ठोकू नये, कप काढून सुई सरळ करावी. ग्रीसचा निपल ग्रीसगन पोहोचेल अशा बाजूला ठेवावा. शेवटी चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत ते भरावे. एखाद्या टोकातून ते आले नाही, तर सांधा हलवून पुन्हा भरावे.

नेहमीची निगा

१) सांध्यांना दर ८ ते १० तासांच्या कामानंतर, म्हणजे व्यवहारात रोज, ग्रीस द्यावे. लिथियमयुक्त बहुउपयोगी ग्रीस चालते. निपल आधी पुसून घ्यावा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. सरकत्या नळ्यांनाही नियमित ग्रीस द्यावे.

२) नेहमीचे काम १५ अंशांच्या आसपासच्या कोनात होईल असे पाहावे. बांधाशी वळताना रोटाव्हेटर पूर्ण उचलायचा असेल, तर आधी पी.टी.ओ. सोडवावा. क्रॉस लवकर जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे उचललेल्या स्थितीत रोटाव्हेटर फिरता ठेवणे.

३) पी.टी.ओ. नेहमी इंजिनाच्या कमी गतीला जोडावा आणि मग गती वाढवावी.

४) शाफ्ट सर्वांत लांब झाला असताना नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. सर्वांत आखूड झाला असताना किमान २५ मिलिमीटर जागा शिल्लक असावी. शाफ्ट कापावा लागलाच, तर आतली व बाहेरची नळी आणि दोन्ही आवरणे सारख्याच मापाने कापावीत व कडा कानसाने साफ कराव्यात.

५) शिअर बोल्ट तुटला तर त्याच मापाचा व त्याच प्रतीचा बोल्ट घालावा. तो गिअर बॉक्सच्या रक्षणासाठी मुद्दाम तुटतो. त्याजागी कडक पोलादी बोल्ट घातला, तर पुढचा धक्का क्रॉस किंवा गिअर सोसतो.

जीव महत्त्वाचा

सेकंदाला ९ फेरे फिरणारा ७ सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी किंवा सदऱ्याची बाही अडकली, तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. रोटाव्हेटर चालताना शाफ्टजवळ सहसा कोणी नसते. परंतु मळणी यंत्र, कुट्टी यंत्र किंवा जनित्र एका जागी चालते आणि त्याच्या आजूबाजूला माणसे वावरतात. तेथे धोका सर्वांत जास्त असतो.

म्हणून प्लॅस्टिकचे आवरण काढून ठेवू नये. फुटले असल्यास नवे बसवावे. शाफ्ट थांबलेला असताना आवरण हाताने मोकळे फिरले पाहिजे, आणि त्याची साखळी ट्रॅक्टरच्या किंवा यंत्राच्या स्थिर भागाला बांधलेली असावी. योकच्या कुलूप-पिनेच्या जागी लांब बोल्ट किंवा तार लावू नये. बाहेर आलेले टोक कापड पकडते. फिरता शाफ्ट कधीही ओलांडू नये. पाला अडकला, बोल्ट तुटला किंवा आवाज आला, तरी इंजिन बंद करून शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच खाली हात घालावा. लहान मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये. कामावरच्या मजुरांना, विशेषतः स्त्री मजुरांना, पदर खोचून आणि शाफ्टपासून दूर राहून काम करण्यास पहिल्याच दिवशी सांगावे.

रोज पाच मिनिटे ग्रीससाठी आणि आठवड्याला दहा मिनिटे तपासणीसाठी दिली, तर ऐन वाफशात यंत्र उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही. यंदाच्या हंगामापूर्वी आपल्या शाफ्टचे दोन्ही सांधे एकदा हाताने पिळून पाहावेत आणि झिजलेला क्रॉस पेरणीआधीच बदलून घ्यावा.