गांडूळ तोडलं की एकाची दोन होतात?

गांडूळ खताच्या बेडवर गेलो की एक वाक्य हमखास कानी पडते, "साहेब, फावडं लागलं तर लागू द्या, एकाची दोन होत्यात!" मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने याच भरवशावर सगळा बेड फावड्याने उपसला. महिन्याने पाहिले तर गांडुळे निम्मीसुद्धा उरली नव्हती.

तुटलेला अवयव पुन्हा येतो, हे खोटे नाही. पाल शेपटी टाकून पळते आणि तिला नवी शेपटी येते. पण या नव्या शेपटीत मणके नसतात, नुसती कूर्चेची नळी असते. भीमेच्या काठच्या खेकड्याची मोडलेली नांगी कात टाकताना पुन्हा फुटते, आधी लहान, मग दर कातीला मोठी. सगळ्यांत वरचढ हायड्रा, डबक्यातला काही मिलिमीटरचा जीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर बरेच काम झाले आहे. त्याच्या अंगात मूळ पेशी सतत वाढत असतात, म्हणून छोट्या तुकड्यातूनही पुरा जीव उभा राहतो.

आपल्या बैलाचे शिंग मुळातून गेले तर मात्र गेलेच. जनावराची जखम व्रण धरून लवकर बुजते. रक्त थांबते, पण नवा अवयव घडायला वाव राहत नाही.

गांडूळ या दोहोंच्या मधले. त्याचे तोंड, मेंदू, हृदये सगळी पुढच्या टोकाला. शेपटाकडचा थोडा भाग तुटला तर पुढचा तुकडा जगतो, जखमेवर पेशींचा कोंभ धरतो, शेपूट येते. मागच्या तुकड्याला तोंडच नाही, तो खाणार काय? काही जातींत त्यालाही डोके फुटते म्हणा, पण बेडमध्ये बहुतेक तुकडे त्याआधीच कुजतात. जे जगते त्याचीही ताकद जखम भरण्यातच जाते.

गांडुळे वाढतात ती कोषांतून. मोहरीपेक्षा थोडा मोठा, पिवळसर कोष. त्यातून साधारण तीन आठवड्यांत दोन-चार पिल्ले निघतात. फावड्याने कोषही चिरडतात, हे कुणी ध्यानात घेत नाही.

तेव्हा खत काढण्याआधी तीन-चार दिवस पाणी बंद ठेवा. वरचा थर सुकला की गांडुळे खाली ओलीकडे जातात. मग वरचे खत हातानेच ओढा आणि उजेडात त्याचा ढीग करा. राहिलेली गांडुळे ढिगाच्या बुडाशी जातील, ती उचलून परत बेडवर सोडा. चाळलेल्या खतात कोष दिसले तर तेही टाकू नका.