सव्वाशे ग्रॅमचा हिशेब

मैत्रिणींनो, तुमच्या ओट्यावर वजनकाटा असेल तर एकदा एवढं करून पाहा. लादीपावातले तीन पाव काट्यावर ठेवा. साधारण सव्वाशे ग्रॅम भरतील. आता अशी कल्पना करा, की हे एका माणसाचं दिवसभराचं अन्न आहे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, नळाला पाणी नाही, दिवे नाहीत, शेगडीत जाळायला घरातल्याच खुर्च्या आणि पुस्तकं. आणि तो पाव आपल्यासारखा हलका, फुगलेला नव्हे, बरं का! ओला, जड, पिठात पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळलेला.

२० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या पाच आठवड्यांत रशियातल्या लेनिनग्राड शहरात (आजचं सेंट पीटर्सबर्ग) रेशन होतं ते एवढंच. कामगारांना अडीचशे ग्रॅम. कचेरीतले लोक, मुलं आणि ‘अवलंबून असलेले’ यांना सव्वाशे. गृहिणी कुठल्या रकान्यात? अर्थातच शेवटच्या! पहाटेच्या अंधारात पावाच्या रांगेत उभी राहणारी, नदीच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून बादलीनं पाणी काढून ते जिने चढून वर नेणारी बाई कागदोपत्री ‘अवलंबून’! आपल्याकडच्या फॉर्मवरही हा रकाना असतोच म्हणा.

८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन सैन्यानं या शहराचे जमिनीवरचे सगळे रस्ते तोडले. वेढा पुरता उठला तो २७ जानेवारी १९४४ ला. आठ लाखांहून अधिक नागरिक मेले, त्यातले बहुतेक भुकेनं. मी अर्धा दिवस शाळेत इतिहास शिकवते. लढायांच्या सनावळ्या उरकताना या शहराच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येतं.

मी त्या वाक्यापुढे वाचत गेले ते एप्रिल २०२१ नंतर. ते दिवस तुम्हीही विसरला नसाल. रेमडेसिविरची इंजेक्शनं काळ्या बाजारात विकली जात होती, प्राणवायूसाठी माणसं गावभर फिरत होती. आमच्या शेजारच्या इमारतीत एका घरी भरलेला सिलिंडर होता, ‘लागलाच तर’ म्हणून ठेवलेला. वरच्या मजल्यावरच्या माणसासाठी त्याची बायको मागायला गेली, तेव्हा त्या बाईंनी दार उघडलं, पण सिलिंडर दिला नाही. त्यांच्या घरात ऐंशी वर्षांचे सासरे होते. (वरच्या गृहस्थांना रात्री उशिरा दुसरीकडून मिळाला.) सांगा, या बाईंना काय म्हणायचं? अप्पलपोटी? एरवी ताटावर झाकण घालून शेजाऱ्यांना घावन पाठवणाऱ्या बाई आहेत त्या.

मला वाटतं, सगळं कोसळतं तेव्हा माणूस स्वतःसाठी जेवढा घसरतो, त्याहून जास्त ‘आपल्या माणसांसाठी’ घसरतो. स्वतःसाठी चोरी करायला मन धजत नाही. मुलासाठी सहज धजतं, वर त्याला माया असं नावही देता येतं.

लेनिनग्राडमध्ये हे उघडंवाघडं दिसतं. रेशनकार्ड हरवलं, की दुसरं मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून दुसऱ्याचं कार्ड चोरणं म्हणजे त्याचा जीवच घेणं. तरी कार्डं चोरीला जात. रांगेतून बाहेर आलेल्या बाईच्या हातातला पाव हिसकावून मुलं तिथंच तोंडात कोंबत. लोक मारत असत आणि ती मार खात खात पाव चावत असत. त्या पोरांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वरच्या अधिकाऱ्यांना मात्र त्याच शहरात पोटभर जेवण मिळत होतं, त्यांच्याबद्दल जीभ चांगली रेटते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. आपल्याकडे आईनं सगळ्यांत शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं, हे पुण्याचं मानलं जातं. त्या शहरात कित्येक आयांनी आपला पाव मुलांना वाढला. आणि मग काय झालं? आई आधी गेली. पाव आणायला, पाणी आणायला, शेगडी पेटवायला कोणी उरलं नाही, आणि मुलं प्रेताशेजारी गोठत बसली. म्हणजे तिथं आईनं स्वतःचा तुकडा स्वतः खाणं हे मुलांसाठीच कर्तव्य होतं! समोर उपाशी लेकरू टक लावून पाहत असताना तो तुकडा गिळणं किती अवघड गेलं असेल, ते आपल्यापैकी कुणालाही समजावून सांगायला नको. नेहमीच्या दिवसांतलं पुण्य त्या दिवसांत जसंच्या तसं चालत नव्हतं. प्रत्येक घरात, प्रत्येक तुकड्यापाशी ते नव्यानं ठरवावं लागत होतं.

आणि हे ठरवताना माणसं देवासारखी वागत होती असंही नाही. लिडिया गिन्झबर्ग नावाच्या लेखिकेनं तो वेढा सोसला; तिची आई त्यातच गेली. तिच्या लेखनात एक माणूस आहे. घरातल्या म्हाताऱ्या मावशीला तो आपल्या वाट्यातलं खाऊ घालतो, आणि तिच्यावर सारखा खेकसतोही. ती गेल्यावर त्याला आठवत राहतं ते खेकसणं. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय, त्यांना हे वाचताना चटका बसेल. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं, ही आपली समजूत जरा बाजूला ठेवावी लागते. चिडचिड करत का होईना, त्यानं पाव दिला होता.

याच शहरात एक बियाणांची संस्था होती. निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञानं देशोदेशी हिंडून गहू, तांदूळ, भुईमूग, बटाटे अशी लाखो वाणं तिथं जमवली होती. वाविलोव स्वतः तेव्हा तिथं नव्हता. १९४० मध्येच त्याला त्याच्याच सरकारनं पकडून नेलं होतं, आणि जानेवारी १९४३ मध्ये तो सारातोवच्या तुरुंगात मेला. जगाची भूक भागावी म्हणून बी जमवणारा माणूस तुरुंगात खंगून गेला! त्याच्या मागं राहिलेल्या लोकांनी ते बी राखलं. भुईमुगाचे जाणकार श्चुकिन त्या हिवाळ्यात आपल्या कामाच्या टेबलापाशीच गेले. तांदळाचे जाणकार इवानोव तांदळाच्या हजारो पाकिटांच्या सोबतीत उपासमारीनं गेले. बटाटे गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून तळघर उबदार ठेवायचं, आणि त्यातला एकही उकडायचा नाही!

मला त्यांच्या त्यागापेक्षा त्यांचा एक नियम जास्त आवडला. बियाणांच्या खोलीत कुणी एकट्यानं जायचं नाही. म्हणजे पाहा, एवढी मोठी माणसं, पण स्वतःच्या सद्गुणावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. भूक लागली की मन चळणार, हे गृहीत धरून आधीच बंदोबस्त केला. आपल्याकडे भिशीचा डबा दोघींच्या सहीशिवाय उघडत नाही, तसंच.

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तेव्हा आमच्या गणिताच्या बाई ताडकन म्हणाल्या, “आणि शेजारी माणसं मरत होती त्याचं काय? बी मोठं की माणूस?” प्रश्न खोटा नाही. ते धान्य वाटलं असतं तर काहींचे काही दिवस निभले असते. मी एवढंच म्हणेन, की त्यांनी ते दुसऱ्यांना नाकारून स्वतःच्या घरी नेलं नाही. जो नियम परक्याला, तोच स्वतःच्या पोटाला. आमच्या बाईंचं यानं समाधान झालं नाही. त्या अजूनही मधल्या सुट्टीत मधूनच तो विषय काढतात.

माझ्या मनात मात्र शास्त्रज्ञांपेक्षा दुसऱ्याच कुणी घर केलंय. १९४२ च्या फेब्रुवारीपासून तरुणांची पथकं घरोघर जाऊ लागली. बहुतेक मुलीच होत्या. दारं ठोठवायची, आत कोण जिवंत आहे ते पाहायचं. पाणी भरून द्यायचं, लाकडं फोडायची, आईबाप गेलेली पोरं उचलून अनाथगृहात पोचवायची. आणि ज्यांना उठवत नाही त्यांचं कार्ड घेऊन रांगेत जायचं आणि त्यांचा पाव आणून द्यायचा. जरा थांबून विचार करा. पोरगी स्वतः उपाशी, हातात परक्या म्हातारीचा ताजा पाव, जिन्यावर काळोख, पाहायला कुणी नाही. म्हातारी उद्या तशीही जाणार. आणि ही पोरगी पाव घेऊन वर जाते. सगळ्याच गेल्या असतील असं मी म्हणत नाही. पण ज्या गेल्या, त्यांच्यामुळे कितीतरी माणसं वसंत ऋतूपर्यंत टिकली.

वसंतात बर्फ वितळू लागलं, तशी साचलेल्या घाणीची आणि प्रेतांची रोगराई पसरणार हे सगळ्यांना दिसत होतं. मार्च-एप्रिलमध्ये लाखो लोक, त्यांत बायकाच अधिक, फावडी-पहारी घेऊन रस्ते साफ करायला उतरले. ज्यांना फावडं उचलवत नव्हतं त्यांनी घसरगाडीवरून बर्फ ओढलं. १५ एप्रिलला ट्राम पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोक रस्त्यात उभे राहून रडले म्हणतात. मग बागांतून, मैदानांतून वाफे पडले. सेंट आयझॅकच्या भव्य कॅथेड्रलसमोर कोबी लावला गेला. त्याचे फोटो आहेत. मागं दगडी खांब, पुढं कोबीच्या रांगा, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका गड्डे काढताहेत. बियाणांची ती संस्था त्याच चौकात आहे.