संगणकाची कार्यमुक्ती

कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याला रीतसर कार्यमुक्त केले जाते. पदभार हस्तांतरित होतो, हजेरीपटावरील नाव कमी होते. कार्यालयातील संगणक मात्र पुष्कळदा नुसताच उचलून नेला जातो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद बदलते. जाळ्याच्या निर्देशिकेतील नोंद तशीच राहते.

ही निर्देशिका म्हणजे कोणत्या व्यक्तीला व कोणत्या संगणकाला जाळ्यात प्रवेश द्यावयाचा, याची मध्यवर्ती नोंदवहीच होय. मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ ही अशी एक सेवा. विंडोज २००० बरोबर ती २००० साली प्रचारात आली. तीत माणसाप्रमाणे प्रत्येक संगणकाचेही स्वतंत्र खाते असते. इतकेच नव्हे, तर संगणकाला स्वतःचा परवलीचा शब्द असतो व सामान्यतः दर ३० दिवसांनी तो आपण होऊन बदलतो, हे वाचून अनेकांना नवल वाटेल.

जोडणी तोडण्याची क्रिया पाच मिनिटांची आहे. संगणकाच्या नावाच्या रकान्यात ‘डोमेन’ऐवजी ‘वर्कग्रुप’ निवडावयाचे व यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. अडचण त्यानंतर उभी राहते. ज्या नावाने आपण आजवर प्रवेश करीत होतो, त्याची ओळख पटविणारी निर्देशिका आता दुरावलेली असते. संगणकावरच नोंदलेले स्थानिक प्रशासक खाते चालू नसेल, किंवा त्याचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसेल, तर यंत्र पुढ्यात असूनही दार बंद! एका कार्यालयात हा प्रसंग मी पाहिला आहे. तो शब्द ज्यांनी ठरविला होता, ते लिपिक निवृत्त होऊन गावी गेले होते. यास्तव त्या खात्याने आधी एकदा प्रवेश करून पाहावा, मगच पुढे जावे.

जुन्या खात्यातील कागदपत्रे डिस्कवर शाबूत राहतात. परंतु नव्या खात्याला संगणक नवा कप्पा देतो, त्यामुळे ती नाहीशी झाल्याचा भास होतो. त्यांची प्रत आधीच काढून ठेवलेली बरी.

‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेल्या डिस्कचा प्रश्न याहून गंभीर आहे. तिची ४८ अंकी किल्ली पुष्कळ ठिकाणी निर्देशिकेतच, त्या संगणकाच्या खात्याखाली, ठेवलेली असते. पुढे दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर यंत्र हीच किल्ली मागू शकते. जोडणी रीतसर तोडल्यावर ते खाते सामान्यतः निष्क्रिय होते, पुसले जात नाही. पुसण्याचे काम प्रशासकाचे. त्याने ते घाईने उरकल्यास किल्लीही खात्याबरोबर जाते. म्हणून तिची प्रत प्रथम नस्तीत सुरक्षित ठेवावी आणि त्यानंतरच खाते पुसण्याचे आदेश द्यावेत.