उशिरा हाती येणारे पीक

आमच्या नंदुरबारकडचा लहान शेतकरी मृगाच्या पावसावर तूर पेरतो, तेव्हा एकटी तूर तो सहसा पेरीत नाही. तुरीच्या ओळींमधून तो मूग नाहीतर उडीद घालतो. मूग गणपतीच्या आगेमागे घरात येतो. तूर मात्र संक्रांतीपर्यंत शेतातच उभी असते. मधले चार महिने घर चालते ते मुगावर. लहानपणी वडिलांच्या मागून बांधावरून हिंडताना हे सारे मी पाहिले होते. त्यात काही विचार आहे, हे मात्र मला सत्तावन्नाव्या वर्षी उमगले. आणि तेही उधन्यातील एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पुतण्याच्या संगणकासमोर बसलो असताना!

पुतण्या दिवसभर रिंग रोडवरील कापड बाजारात एका पेढीचे हिशेब लिहितो. रविवारी रात्री जेवणे आटोपली की कानाला यंत्र लावून तो खेळावयास बसतो आणि बारा वाजले तरी उठत नाही, अशी वहिनींची तक्रार होती. समजूत घालण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मुख्याध्यापकाला नातलगांमध्येही सुट्टी नसते. मी गेलो, तर तो एवढेच म्हणाला, "काका, अर्धा तास नुसते बसा. मग काय रागवायचे ते रागवा." मी बसलो. तेव्हापासून गेले सहा महिने बसतोच आहे.

त्या खेळाचे नाव 'डोटा'. पडद्यावर एक चौकोनी रणभूमी असते, तिला छेदून तिरपी नदी वाहते. दोन टोकांना दोन तळ, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा आणि वाटांवर बुरूज. प्रत्येक पक्षात पाच खेळाडू असतात. त्यांनी सव्वाशेच्या आसपास असलेल्या नायकांमधून प्रत्येकी एक निवडावयाचा, वाटेतील बुरूज पाडीत जावयाचे आणि शत्रूच्या तळाचे मर्मस्थान उद्ध्वस्त करावयाचे. दर तीस सेकंदांनी दोन्ही बाजूंनी शिपायांच्या तुकड्या आपोआप निघतात. शत्रूच्या शिपायावर जो अखेरचा घाव घालतो त्याला सोने मिळते. सोन्यातून शस्त्रे व अलंकार घ्यावयाचे, अनुभवातून पातळी चढावयाची. असा डाव बहुधा अर्धा-पाऊण तास चालतो. सोने गोळा करण्याला मुले 'फार्म करणे' म्हणतात. शेतकऱ्याच्या मुलाला हा शब्द ऐकून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

या खेळाचा उगम एका दुसऱ्याच खेळात आहे. 'वॉरक्राफ्ट' नावाच्या संगणकीय युद्धखेळाच्या तिसऱ्या आवृत्तीवर हौशी मंडळींनी 2003 च्या सुमारास स्वतःचा नकाशा रचला, आणि पुढे त्याचाच एक स्वतंत्र प्रकार झाला. त्याच कुळातील 'लीग ऑफ लेजंड्स' 2009 मध्ये आला, तर 'डोटा 2' हा 2013 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आपल्याकडे मोबाइलवर 'मोबाइल लेजंड्स' बराच खेळला जाई. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने ज्या 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत तोही गेला. आमचा पुतण्या त्यानंतर संगणकाकडे वळला.

या सव्वाशे नायकांमध्ये काही असे आहेत की डाव सुरू होतो तेव्हा ते अगदीच दुबळे असतात. स्पेक्टर, मेड्युसा, अँटी-मेज ही त्यांतली ठळक नावे. पहिल्या दहा मिनिटांत यांना कोणीही हुसकावून लावावे. परंतु चाळीस मिनिटे गेली, हातात पाच-सहा मोठ्या वस्तू आल्या, की हीच मेड्युसा एका वेळी अनेकांवर बाण सोडीत उभी राहते आणि समोरचे पाचही जण मिळून तिला हलवू शकत नाहीत. 'लीग ऑफ लेजंड्स'मधला कोल्हमुखी नेसस तर शिपाई मारता मारता आपल्या एका घावाची शक्ती थोडी थोडी, परंतु कायमची वाढवीत जातो. तेथीलच केल ही सोळाव्या पातळीला पोहोचेपर्यंत पुष्कळसे अपमान गिळते. अशा नायकाला मुले 'कॅरी' म्हणतात, म्हणजे अखेरीस सर्वांचा भार वाहणारा.

हे असे का होते, यामागे एक साधे गणित आहे. समजा, एका नायकाचा घाव शंभराचा आहे आणि तो सेकंदाला एक घाव घालतो. पहिल्या वस्तूने घाव दुप्पट केला, तर दोनशे झाले. दुसऱ्या वस्तूने वेग दुप्पट केला, तर चारशे झाले. तिसऱ्या वस्तूने निम्मे घाव दुपटीने बसू लागले, तर सरासरी सहाशे. वस्तू तीन घेतल्या आणि मारा सहापट झाला, कारण येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आता सहायकाकडे पाहा. त्याच्या मंत्राचा आघात, समजा, तीनशेचा. आरंभी शत्रूची प्राणशक्ती सहाशे असते तेव्हा तो अर्धा जीव घेतो. पुढे तीच प्राणशक्ती तीन हजारांवर गेली की जेमतेम दशांश. म्हणून आरंभीचा काळ मंत्रवाल्यांचा आणि अखेरचा काळ शस्त्रवाल्यांचा.

मग पाचही जणांनी उशिरा वाढणारेच नायक का घेऊ नयेत? हा प्रश्न मी पहिल्याच रविवारी विचारला आणि पुतण्या मोठ्याने हसला. नकाशावर पाच जणांना पुरेल इतके सोने नसते, हे त्याचे उत्तर. म्हणून संघात सोन्याच्या हक्काप्रमाणे एक ते पाच असे क्रम लावलेले असतात. पहिल्या क्रमांकाचा तो कॅरी. पाचव्याने शिपायांवरचा अखेरचा घाव स्वतः न घालता पहिल्यासाठी सोडावयाचा. पाचवा पहाऱ्याचे खुंट रोवतो, जखमी सोबत्याला सावरतो आणि प्रसंगी कॅरी निसटावा म्हणून स्वतः मरतो. थोडक्यात, तो मूग आहे.

सहा महिन्यांच्या निरीक्षणातून माझे एक मत बनले आहे, आणि पुतण्यालाही ते मान्य आहे. उशिरा वाढणारा नायक निवडावा की नाही, हे त्या नायकाकडे पाहून ठरत नाही. उरलेल्या चौघांकडे पाहून ठरते. ते वीस-पंचवीस मिनिटे तग धरू शकतील काय? शिपायांच्या लाटा दुरूनच भाजून काढणारा 'कीपर ऑफ द लाइट'सारखा कोणी त्यांच्यात आहे काय? समोरच्या पक्षाने डेथ प्रॉफेट किंवा लायकन यांसारखे, बुरूज झटपट पाडणारे नायक घेतले असतील, तर आपली मेड्युसा वयात येण्यापूर्वीच तळ पडतो. समोरचेही सावकाश वाढणारे असतील, तर प्रश्न उरतो तो कोण अधिक उंच जातो एवढाच. म्हणूनच जाणते संघ कॅरीची निवड होता होईल तो शेवटी करतात. आधी समोरच्याचे पत्ते दिसू द्यावेत आणि आपले झाकलेले राहावेत, हा हेतू.

शाळेत आम्ही 'हा विद्यार्थी पुढे चमकेल' असे शेरे किती सहजपणे लिहितो! तोवर त्याला सांभाळणार कोण, असा रकाना प्रगतिपुस्तकात नसतो.

नायक योग्य निवडला तरी तो खेळविताना दोन चुका हमखास होतात. तळ जळत असताना 'अजून एक वस्तू होऊ दे' म्हणत रानात सोने वेचीत बसणे, ही पहिली. दुसरी याच्या उलट: पहिल्याच आरोळीला धावून जाणे आणि पिकण्यापूर्वी मरणे. मराठीच्या शिक्षकाला येथे महाभारत आठवले नाही तरच नवल. भीष्म सेनापती असेतो मी लढणार नाही, म्हणून कर्ण पहिले दहा दिवस बाहेर राहिला. इंद्राने दिलेली अमोघ शक्ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. ती एकदाच वापरता येणार होती. चौदाव्या दिवशी युद्ध रात्रीही चालू राहिले, घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडविली, आणि सैन्याच्या आक्रोशापुढे कर्णाला ती शक्ती त्याच्यावर सोडावी लागली. घटोत्कच पडला तेव्हा पांडव रडत होते आणि श्रीकृष्णाला मात्र आनंद झाला होता. ही कथा मी पुतण्याला सांगितली. तो म्हणाला, "काका, म्हणजे कृष्णाने त्यांच्या कॅरीला लवकर बाहेर काढले." तीस वर्षे वर्गात मी हा प्रसंग शिकवीत आलो, एवढ्या कमी शब्दांत तो मला कधी सांगता आला नव्हता.

या खेळाच्या स्पर्धा केवढ्या मोठ्या असतात, याची मला कल्पना नव्हती. 'द इंटरनॅशनल' नावाची मुख्य स्पर्धा 2011 मध्ये जर्मनीतील कोलोन येथे सुरू झाली, तेव्हा पहिले पारितोषिकच दहा लाख डॉलरचे होते. एप्रिल 2019 मध्ये मुंबईस वरळी येथे 'डोटा 2'ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. ऑगस्ट 2022 मध्ये बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत आपल्या भारतीय संघाने याच खेळात न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळविले. वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात कोठेतरी ती बातमी येऊन गेली असेल, मी तरी वाचली नव्हती.

मला सर्वांत रमणीय वाटली ती 2019 ची शांघायमधली हकीकत. 'आयो' हा एक प्रकाशाचा गोळा आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. सोबत्याशी स्वतःला एका किरणाने बांधून घ्यावयाचे आणि आपले बळ त्याला पुरवावयाचे, एवढेच त्याचे काम. सारे जग त्याला सहायक म्हणूनच खेळवीत असे. 'ओजी' संघाच्या अनाथन फाम या ऑस्ट्रेलियन तरुणाने त्याच आयोला कॅरी म्हणून निवडले, सोने त्याच्या हाती दिले, आणि समोरचे संघ गोंधळून गेले. त्या वर्षीचे अजिंक्यपद ओजीने जिंकले, तेही लागोपाठ दुसऱ्यांदा. सहायकाला कधी कोणी सोनेच दिले नव्हते, म्हणून त्याच्यात काय आहे हे दिसले नव्हते.

हे पुतण्या मला सांगत होता तेव्हा त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, मागे पलंगावर बसले होते. दादा 1979 साली, सोळाव्या वर्षी, तापी लाईनच्या गाडीने नंदुरबारहून उधन्यास उतरले. सातवी झाली होती आणि गणितात ते वर्गात पहिले होते. त्यांच्या गुरुजींनी घरी येऊन वडिलांना विनविले होते, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले. पण घरात दोघांच्या शिक्षणाला पुरेल इतके पैसे नव्हते. दादा मागावर उभे राहिले, बारा-बारा तासांच्या पाळीत, बहुतेक रात्रीच्या. मी बडोद्यास एम. ए. करीत होतो ती दोन वर्षे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची मनिऑर्डर येई. तिच्या खालच्या चिठोऱ्यावर एकच ओळ असे: 'घाई करू नकोस.' मागाच्या खडखडाटाने आता त्यांना ऐकू फारच कमी येते. निवड त्यांनी केली होती, की आमच्यासाठी ती अगोदरच झालेली होती, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

पुतण्या नेहमी पाचव्या क्रमांकावर खेळतो. का, असे विचारले तर म्हणतो, "मला तेच जमते." मला ते खरे वाटत नाही.

गेल्या रविवारी त्याने मलाच खुर्चीत बसविले. पहिला क्रमांक माझा आणि पाचवा, शेजारी मित्राचा संगणक मांडून, त्याचा. बाकीचे तिघे कोठूनतरी जोडले गेलेले. हाताशी एवढा अभ्यास असल्याने मी विश्वासाने मेड्युसा निवडली. "काका, समोर कोण आहे ते आधी पाहा," असे तो म्हणेपर्यंत वेळ संपली होती. समोर डेथ प्रॉफेट होती. अखेरचा घाव माझ्या हातून चारांत एकदाच बसे. तरी पोरांनी मला सोडले नाही. माझ्यासाठी पुतण्या सात वेळा मेला, मी मोजले. चोविसाव्या मिनिटाला तळ पडला, तेव्हा माझी दुसरी मोठी वस्तूही पुरी झाली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात त्या तिघांपैकी कोणीतरी काही लिहिले. त्याचा अर्थ पुतण्याने मला सांगितला नाही.

दादांनी पलंगावरून विचारले, "काय झाले?"

पुतण्याने त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितले, "हरलो. काकांना वेळ पुरला नाही!"

"त्याला पहिल्यापासून वेळ लागतोच," दादा म्हणाले, "पुन्हा मांड."