सतरा अंशांचं कोल्हापूर

कोल्हापूरला येणारा पाहुणा बहुतेक वेळा एका दिवसाचा बेत आखून येतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि जाता जाता महाद्वार रोडवर चपलांची जोडी. त्यात वावगं काही नाही, पण हे सगळं बारा महिने मिळतं. नोव्हेंबर लागला की या शहरात काही गोष्टी अशा घडतात, ज्यांना तारीख आहे, तिथी आहे आणि वेळही आहे. क्योटोला जाणारे लोक मेपलची पानं कधी लाल होतील याचा अंदाज घेऊन नोव्हेंबरअखेरचं तिकीट काढतात; तोफुकुजीच्या लाकडी पुलावरून पानांचा रंग बघतात आणि नानझेनजीजवळ बसून गरम तोफू खातात. ऋतू बघून शहर बघण्याची ही आस्था कोल्हापूरच्या वाट्याला का येऊ नये?

आधी किरणोत्सव. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती आणि तिसऱ्या दिवशी मुख उजळतं असा क्रम सांगितला जातो. नोव्हेंबरात साडेपाचच्या पुढची ती काही मिनिटं असतात. उंबऱ्यावर पिवळा पट्टा दिसतो, तो जमिनीवरून पुढे सरकतो, चांदीच्या कठड्याशी पोचतो, मग देवीच्या पायांवर चढतो. काळ्या पाषाणाची मूर्ती खालून वर तांबूस होत जाते, आणि घंटा घणघणू लागतात.

तारखांची ही दुहेरी जोडी योगायोगाची नाही. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो तो 21-22 डिसेंबरला. त्याच्या अलीकडे सहा आठवडे मोजले की नोव्हेंबरचे हे दिवस येतात, पलीकडे सहा आठवडे मोजले की फेब्रुवारीची सुरुवात. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे 17 अंश दक्षिणेला असतो आणि कोल्हापुरातून पाहिलं तर नेमक्या पश्चिमेपासून सुमारे अठरा अंश डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, मावळतो. देवळाचं तोंड त्या बाजूला आहे.

मात्र किरण पोचायचे तर वाट मोकळी हवी. महाद्वार रोडवर मजले चढले, फलक लागले, तारा ओढल्या गेल्या, आणि किरण कधी कमरेशी, कधी गुडघ्याशी थांबू लागले. शहरातल्या अभ्यासकांनी मोजमापं घेऊन अडथळे दाखवले, त्यातले काही काढलेही गेले. हवेतली धूळ, ढग आणि दमटपणा यांवर कुणाचं चालत नाही. पण एखादा वाढीव सज्जा हा काही निसर्ग नव्हे. ज्या कुणी हे देऊळ रचलं, त्यांनी क्षितिजापर्यंतचा विचार केला होता. आपण निदान रस्त्याच्या टोकापर्यंतचा तरी करायला हवा.

त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, पहाटेच्या काळोखात पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. त्यासाठी झोपमोड करावी. पण त्याच दिवसाची रात्र खिद्रापूरसाठी राखून ठेवावी. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कोल्हापूरपासून साधारण साठ किलोमीटरवर शिलाहारकाळातलं कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला छत नाही. खांबांच्या वर्तुळावर गोल मोकळं आकाश आहे आणि खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरीच्या मध्यरात्री पूर्णचंद्र त्या गोलाच्या माथ्यावर येतो आणि चांदणं शिळेवर उतरतं. हे पाहायला अलीकडे मोठी गर्दी होते.

इथे पुन्हा तो सतरा अंशांचा हिशेब येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य सतरा-अठरा अंश दक्षिणेला असेल, तर चंद्र जवळपास तेवढाच उत्तरेला. खिद्रापूरचा अक्षांश साडेसोळा अंश उत्तर, म्हणून तो डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंश कललेली आहे, तिथीही पुढे-मागे होते, त्यामुळे दर वर्षी नेम तंतोतंत बसत नाही. तरी अंबाबाईच्या पायांवरचं ऊन आणि खिद्रापूरच्या शिळेवरचं चांदणं हे एकाच गणिताचे दोन उतारे आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खिद्रापूरच्या वाटेवर नृसिंहवाडी लागते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन घ्यावं, बासुंदी खावी आणि कवठाची बर्फी बांधून घ्यावी. थंडीत कृष्णाकाठची वांगी मिळाली तर तीही सोडू नयेत. त्यांच्या भरितासाठी वेगळं कौतुक करावं लागत नाही.

कोल्हापुरात दुपारी टाऊन हॉलच्या बागेतलं संग्रहालय पाहावं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली ब्राँझची रोमन मूर्ती ही इथली सगळ्यात मोठी ठेव. सातवाहनकाळात घाट चढून माल या नदीकाठापर्यंत येत होता, याची ती हातात मावणारी साक्ष. नवा राजवाडा (1884), शाहू महाराजांचं खासबाग मैदान, शेजारचं ऑगस्ट 2024 मध्ये जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह, आणि जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेला पन्हाळा, यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे नावं पुरेत.

गुऱ्हाळाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. दिवाळीच्या आगेमागे करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत चुलवाणं पेटतात. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो. खाली उसाची वाळलेली चिपाडं सतत सारावी लागतात. जाळ एकसारखा राहिला नाही तर गुळाचा रंग बिघडतो. रस तापला की चुन्याची निवळी आणि भेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. 105 अंशांच्या आसपास काकवी तयार होते, गुळाला 118 च्या जवळ जावं लागतं. पण गुळव्या थर्मामीटर बघत नाही. तो चिमूटभर पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि हात वर करतो. त्या क्षणी काहील उतरली पाहिजे. मग वाफ्यात ओतलेला पाक घोटायचा आणि निवत आला की साच्यांत रवे भरायचे. गरम काकवी भाकरीबरोबर खाल्लेला माणूस बाटलीतल्या काकवीकडे फिरकत नाही.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, तीच पुढे गुळाची मोठी बाजारपेठ झाली. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी गुऱ्हाळं घटतायत. ऊस कारखान्याकडे वळतो, मजूर मिळत नाहीत, आणि मुरलेला गुळव्या तर त्याहून दुर्मिळ. मानांकन नावाचं रक्षण करतं, हाताचं नाही.

जेवणाबद्दल एक गैरसमज मला खटकतो: कोल्हापूर म्हणजे नुसता झणका. सकाळची मिसळ कटाच्या जोरावर चालते हे खरं, आणि तिच्याबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस येतात. पण थंडीतलं खरं पेय पांढरा रस्सा. मटणाचं अळणी पाणी गाळून घ्यायचं, त्यात तीळ, खसखस आणि काजूचं वाटण, लवंग-दालचिनी-मिरीची फोडणी, शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो. वाटीला तोंड लावून प्यावा आणि दुसरी वाटी मागावी. कुणी नाही म्हणत नाही.

आणि गंगावेशीचा दूध कट्टा. म्हशी तिथेच उभ्या, धार समोर काढलेली, फेसाचा पेला हातात. तालमीच्या गावात हा कट्टा टिकला, कारण पिणारे टिकले.

नोव्हेंबर हुकला तर 31 जानेवारीकडे डोळे लावावेत. सूर्य पुन्हा त्याच जागी असतो, गुऱ्हाळंही चालू असतात. आणि त्या दिवसांच्या जवळ पौर्णिमा येणार असेल, तर खिद्रापूरचा चंद्रही मध्यरात्री पुन्हा माथ्याजवळ येतो. त्याला त्रिपुरीची गर्दी नसते. मंदिरात रात्री थांबायचं तर परवानगी आधी विचारून ठेवावी, आणि स्वेटर विसरू नये. कृष्णाकाठचा गारवा शहरापेक्षा जास्त असतो.